उपग्रह छायाचित्रांतील आघाडीचे ढग

गार आणि उबदार वायुराशी, म्हणजे हवेचे विस्तीर्ण साठे, जिथे एकमेकींना भिडतात, त्या सीमेला आघाडी किंवा सीमापृष्ठ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतील बर्गेनच्या शास्त्रज्ञांनी जमिनीवरच्या नोंदींतून ही कल्पना मांडली. 1960 मध्ये टायरॉस-1 हा हवामान उपग्रह वर गेला आणि त्यांनी ताडलेले ढगांचे पट्टे वरून खरोखरच दिसू लागले.

शीत आघाडीचा पट्टा लांब, अरुंद व मागच्या कडेला रेखीव असतो. उष्ण आघाडीपुढे ढगांचे पसरट थर असतात. दोन्ही मिळतात तिथे ढग वळसा घेऊन स्वल्पविरामाचा आकार धरतात.

सातारा-सांगलीवर मात्र अशी आघाडी सहसा येत नाही. ती समशीतोष्ण पट्ट्यातली. हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या हवामान प्रणाली, काश्मीर-पंजाबवरून सरकतात, तेव्हा उंचावरच्या वेगवान वाऱ्याबरोबर तंतुमेघांचा, म्हणजे उंचावरच्या पातळ तंतूंसारख्या ढगांचा, पट्टा कधीकधी महाराष्ट्रावर पसरतो. तासगावात शेडवर बेदाणा वाळत असतो आणि मोबाइलवरच्या अवरक्त चित्रात हा पट्टा पांढराफटक दिसतो. बागायतदाराचा जीव टांगणीला लागतो. पण अवरक्त चित्र ढगमाथ्याचे तापमान दाखवते, पाऊस नव्हे. माथा जितका थंड, तितका रंग पांढरा. म्हणून त्याच वेळचे दृश्य चित्र, म्हणजे सूर्यप्रकाशात टिपलेले चित्र, उघडावे. ढगातून खालची जमीन दिसत असेल, तर तो पाऊस देणारा ढग नाही. रात्री ही सोय नसते. चित्रावरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल, तर भारतीय वेळेसाठी तीत साडेपाच तास मिळवावेत.

पावसाळ्यात फसगत उलटी होते. महाबळेश्वर-कोयनेच्या घाटमाथ्यावरचे ढग पुष्कळदा बुटके असतात. अवरक्त चित्रात ते करडे दिसतात आणि खाली मुसळधार कोसळत असते. हे ढग नीट समजून घ्यायलाच हवेत. महाबळेश्वरात भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे.

वळवाचा ढग एका चित्रावरून ओळखू नये. एप्रिल-मेमध्ये माण, खटाव, जतवर दुपारनंतर पांढरे ठिपके उमटतात. इन्सॅट या भारतीय उपग्रहांची अर्ध्या-अर्ध्या तासाची तीन-चार चित्रे ओळीने पाहिली, की कोणता ठिपका फुगतोय आणि कोणता विरतोय ते कळते. जोर ओसरत चाललेल्या वळवातून सुटलेली गार हवा जमिनीलगत पसरते आणि तिच्या पुढच्या कडेला कमानीसारखी बारीक ढगरेषा उठते. गार हवा उबदार हवेला वर ढकलते, म्हणजे शीत आघाडीचेच काम ती लहान प्रमाणावर करते. अशा दोन कमानी भिडतात तिथे नवा वळीव उभा राहण्याची शक्यता मोठी असते.