४ अंशांखालचे पाणी: वहन आणि अभिसरण

पाण्यातून उष्णता वहनाने जाते आणि अभिसरणानेही जाते. दोन्ही वेळा आपल्याला दिसतो तो तापमापीचा उतरता किंवा चढता पाराच, त्यामुळे या दोहोंची गल्लत सहज होते. वहनात पाणी जागचे हलत नाही, उष्णता तेवढी एका थरातून शेजारच्या थरात झिरपते. अभिसरणात उष्णता घेऊन पाणीच प्रवासाला निघते, आणि त्याला हलवतो तो घनतेतील फरक. वेगातील तफावत प्रचंड आहे. स्थिर पाण्यात केवळ वहनाने १० सेंटिमीटर अंतर कापायला तापमानातील बदलाला साधारण एक दिवस लागतो आणि अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो.

गोड्या पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, आणि खरी गंमत इथेच आहे. ४ अंशांच्या वर थंड झालेले पाणी खाली जाते. ४ अंशांखाली मात्र जास्त थंड पाणीच हलके ठरून वर राहते. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस चार्ल्स होप यांनी १८०५ साली हे प्रयोगाने दाखवले. उंच नळकांड्याच्या मध्यभागी बाहेरून बर्फ व मिठाचे मिश्रण ठेवले, की आधी खालच्या तापमापीतील पारा उतरतो आणि ४ अंशांवर येऊन थबकतो. या काळात वरचा पारा जेमतेम हलतो. त्यानंतर तो वरचाच पारा उतरू लागतो आणि शून्यापर्यंत पोहोचतो. गार होणारी जागा तीच, पण प्रवाहाची दिशा उलटलेली.

म्हणूनच तळे वरून गार होताना, सगळे पाणी ४ अंशांवर आले की अभिसरण थांबते आणि वारा नसेल तर पुढची उष्णता जवळपास वहनानेच बाहेर पडते. समुद्राच्या नेहमीच्या खारट पाण्याला हे लागू नाही, कारण ते गोठेपर्यंत जड होतच राहते.

दोन्ही प्रक्रिया एकाच भांड्यातही नांदू शकतात. एक उभी भिंत ० अंशांवर आणि समोरची ८ अंशांवर ठेवली, तर दोन्ही भिंतींलगतचे पाणी जवळपास सारखेच हलके असल्याने वर चढते, मधले ४ अंशांचे पाणी खाली उतरते आणि परस्परविरुद्ध फिरणारी दोन चक्रे तयार होतात. प्रत्येक चक्रात उष्णता पाण्याबरोबर वाहते. त्या दोन चक्रांमधील सीमा मात्र तिला मुख्यतः वहनानेच ओलांडावी लागते.