स्वायत्त चेतासंस्था आणि अवयवांचे नियंत्रण : संशोधन

हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, घाम, डोळ्यातील बाहुलीचा आकार ही कामे आपल्या इच्छेवाचून चालतात. त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या चेतातंतूंच्या जाळ्याला ‘स्वायत्त चेतासंस्था’ हे नाव केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी १८९८ मध्ये दिले. अनुकंपी (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारा), परानुकंपी (विश्रांती आणि पचन सांभाळणारा) आणि आंत्र (आतड्याच्या भिंतीतला) हे तिचे तीन विभागही त्यांनीच पाडले. कोणता तंतू कोणत्या गुच्छिकेत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यात, थांबतो, हे ओळखण्यासाठी ते एकेका गुच्छिकेवर निकोटीनचा द्राव लावत. तिथला संदेश अडला, की तो तंतू तिथेच थांबतो हे कळे.

खरा धक्का त्याआधीच बसला होता. १८४५ मध्ये वेबर बंधूंनी व्हेगस चेतेला (मेंदूतून निघून हृदय, आतडे अशा अवयवांकडे जाणारी परानुकंपी चेता) विजेने उद्दीपित केले, तेव्हा हृदयाची गती मंदावली आणि ते थांबलेसुद्धा. चेता म्हणजे चेतवणारी, एवढीच तोवरची समजूत; चेता आवरही घालते, हे प्रथमच दिसले. हृदयाला स्वतःची लय असते. एकटे सोडले तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देते. विश्रांतीत ते ७०च्या आसपास राहते, कारण व्हेगसने लगाम खेचून धरलेला असतो. प्रत्यारोपित हृदयाच्या चेता तुटलेल्या असतात, म्हणून त्याचे ठोके विश्रांतीतही जलद पडतात.

पण हा आवर अवयवापर्यंत पोहोचतो कसा? १९२१ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये क्षारद्रावात धडधडत ठेवली. एकाची व्हेगस चेता उद्दीपित केली, ते मंदावले. मग त्याच्या भोवतीचा द्राव दुसऱ्या हृदयाला दिला. त्याला कोणत्याही चेतेने स्पर्श केला नव्हता, तरी तेही मंदावले! संदेश द्रावात उतरला होता. हा पदार्थ ॲसिटिलकोलीन असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि लोवी व हेन्री डेल यांना १९३६चे नोबेल मिळाले. इतक्या साध्या साहित्यात इतका मोठा निकाल देणारे प्रयोग विरळाच. डोळे तपासताना बाहुली मोठी करणारे ॲट्रोपीनचे थेंब या ॲसिटिलकोलीनचीच वाट अडवतात.

अनुकंपी तंतूंचा मुख्य संदेशवाहक नॉरॲड्रिनलीन असल्याचे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवले. आतडे मात्र वेगळेच. बाहेरच्या सर्व चेता तोडल्या तरी त्याची अन्न पुढे ढकलणारी लाट चालू राहते, हे बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्येच नोंदवले होते. व्हेगसचे बहुसंख्य तंतू आज्ञा नेत नाहीत. ते अवयवांची खबर मेंदूकडे आणतात.