पोर्शे ९४४ टर्बो: दोन चिप बदलून ताकद येते कुठून?

पोर्शेची ९४४ टर्बो १९८५ साली आली. चार सिलिंडर, २४७९ सीसी, २२० अश्वशक्ती. आज तिला चाळीस वर्षं झाली, तरी जर्मनीत आणि अमेरिकेत तिला जिवापाड जपणारे लोक आहेत. इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या चिप बदलणं हा त्यांचा जुना, आवडता उद्योग. सॉकेटमधून एक चिप उपसायची, दुसरी बसवायची, आणि गाडी पहिल्यापेक्षा जोरात पळते. इंजिनच्या एकाही नटबोल्टला हात लागलेला नसतो.

ही ताकद चिपमध्ये नसते. कारखान्याने इंजिन सुरक्षित राहावं म्हणून जी ढील राखून ठेवलेली असते, तिच्यातूनच ती काढली जाते. माझ्या मते चिप विकत घेण्याआधी एवढं एक पक्कं समजून घ्यायला हवं.

९४४ टर्बोत दोन कॉम्प्युटर आहेत. पहिला डीएमई, म्हणजे बॉशची मोट्रॉनिक प्रणाली. १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या ७३२आय गाडीत मोट्रॉनिक पहिल्यांदा आली. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे डीएमई ठरवतो. दुसरा केएलआर. इंजिनमध्ये नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी एकदम पेटणं, होतंय का यावर त्याचं लक्ष असतं आणि टर्बोचा (धुराच्या जोरावर फिरून हवा इंजिनात कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब, म्हणजे बूस्ट, कुठवर चढू द्यायचा हेही तोच पाहतो. म्हणून इथे चिपही दोन, आणि त्या जोडीनेच बदलायच्या. एकीने हवा वाढवली आणि दुसरीला त्याचा पत्ताच नसला, तर इंजिनची वाट लागलीच समजा.

चिपमध्ये छोटासा प्रोग्रॅम असतो आणि आकड्यांचे तक्ते असतात. तक्त्याच्या एका बाजूला इंजिनचा वेग, दुसऱ्या बाजूला त्यावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची. ३००० फेऱ्यांसाठी एक आकडा आणि ३५०० साठी दुसरा असेल, तर ३२५० वर कॉम्प्युटर दोन्हींच्या मधला आकडा काढतो. हे सगळं किती घाईत चालतं पाहा. मिनिटाला ६००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १००. चार सिलिंडरच्या या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन ठिणग्या, म्हणजे दर पाच मिलिसेकंदांना एक. या वेगाला क्रँकशाफ्ट एक अंश फिरायला सुमारे २८ मायक्रोसेकंद लागतात, आणि ठिणगीची चूक एक-दोन अंशांच्या आत ठेवायची असते. ऐंशीच्या दशकातला आठ बिटांचा प्रोसेसर हे काम न थकता करत होता, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हे आकडे ठरवताना कारखान्यातल्या इंजिनिअरांना सगळ्या प्रकारचे मालक गृहीत धरावे लागतात. कुणी भर उन्हाळ्यात डोंगर चढणार, कुणी चुकून हलकं पेट्रोल भरणार, कुणी सर्व्हिसिंग टाळणार. त्या सगळ्यांची इंजिनं टिकायला हवीत, म्हणून ठिणगी जरा उशिरा आणि बूस्ट जरा कमी ठेवला जातो. चिप तयार करणारा ही ढील कमी करतो. टर्बो नसलेल्या गाडीत त्यातून फारसं काही हाती लागत नाही, कारण सिलिंडरमध्ये जाणारी हवा तेवढीच राहते आणि हवेपेक्षा जास्त पेट्रोल जाळता येत नाही. टर्बोचं गणित वेगळं आहे. इथे हवेचं प्रमाणच चिपच्या हातात असतं.

२२० अश्वशक्तीच्या गाडीत बूस्ट सुमारे ०.७५ बार असतो. डॅशबोर्डवरचा काटा मात्र १.७५ दाखवतो, कारण त्यात बाहेरच्या हवेचा एक बार धरलेला आहे. नव्या चिपने बूस्ट १ बारवर नेला, तर एकूण दाब १.७५ वरून २ झाला. म्हणजे हवा साधारण १४ टक्के जास्त, आणि त्याच प्रमाणात पेट्रोल दिलं तर ताकद २५० च्या आसपास. पोर्शेने स्वतः १९८८ च्या टर्बो एसमध्ये २५० चा आकडा गाठला, पण त्यासाठी टर्बो बदलला आणि गिअरबॉक्सही मजबूत केला. चिप बदलणाऱ्याने हा फरक विसरू नये.

हवा दाबली की तापते. २७ अंश सेल्सिअसची हवा १.७५ पट दाबली, तर टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरून ती सुमारे १०० अंशांवर जाते. दुप्पट दाबली तर १२० च्या वर. इंटरकूलर तिला थंड करतो, तरी सगळी उष्णता काही जात नाही. आणि हवा जितकी गरम, तितकी नॉकिंगची भीती जास्त.

नॉकिंगमध्ये होतं ते असं. ठिणगी पडल्यावर ज्वाला प्लगपासून भिंतींकडे सरकत जाते. तिच्यापुढे उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि कधी कधी ज्वाला पोहोचण्याआधीच एकदम पेटतं. त्या धक्क्याने दाबाच्या लाटा सिलिंडरमध्ये आपटत राहतात. या इंजिनचा सिलिंडर १०० मिलिमीटर व्यासाचा. त्यावरून हिशेब केला तर या लाटा सेकंदाला सुमारे साडेपाच ते सहा हजार वेळा कंप पावतात. इंजिनवर बसवलेला नॉक सेन्सर हेच कंपन पकडतो. मग केएलआरच्या इशाऱ्यावर ठिणगी उशिरा पाडली जाते आणि एवढ्याने भागलं नाही तर बूस्टही उतरवला जातो. ही राखण शाबूत असेपर्यंतच जास्त बूस्टची चिप वापरणं शहाणपणाचं आहे. सेन्सर मेलेला असेल तर आधी हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्यावरचं झाकण यांच्यामधलं सील, उडतं. या गाडीची ती जुनी दुखरी जागा. नंतर पाळी पिस्टनची.

पेट्रोलच्या ऑक्टेन आकड्यांतही, म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही हे सांगणाऱ्या आकड्यांत, गफलत होते. अमेरिकेतल्या पंपावरचा ९१ हा दोन चाचण्यांच्या सरासरीचा आकडा आहे. युरोपात आणि आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या आरओएन मोजणीत तो साधारण ९५-९६ भरतो. चिप कुठल्या मोजणीच्या कुठल्या पेट्रोलसाठी लिहिली आहे, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. एथेनॉलचाही हिशेब आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के एथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडायला हवं. सावकाश चालवताना धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर ही दुरुस्ती करून घेतो. पण पाय पूर्ण दाबला की कॉम्प्युटर त्या सेन्सरकडे बघतच नाही, थेट चिपमधला आकडा वापरतो. आणि बूस्ट सगळ्यात जास्त असतो तो नेमका तेव्हाच.

आणखी एक अडचण हवा मोजण्याची. या गाडीत स्प्रिंगवर बसवलेली एक झडप असते. येणारी हवा तिला ढकलते आणि ती किती उघडली यावरून हवेचं प्रमाण कळतं. झडप पूर्ण उघडली की संपलं, त्यापुढे हवा वाढली तरी कॉम्प्युटरला कळत नाही. त्या टप्प्यात चिप लिहिणारा अंदाजाने पेट्रोल वाढवतो. शिवाय इंधनाचा दाब २.५ बारवरून ३ बार करणारा रेग्युलेटर लावण्याचीही पद्धत आहे. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दाब २० टक्के वाढवूनही पेट्रोल जेमतेम साडेनऊ टक्केच जास्त मिळतं. असा रेग्युलेटर गृहीत धरून लिहिलेली चिप मूळ रेग्युलेटरवर चालवली, तर मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि भर वेगात पिस्टन भाजतात.

म्हणून चिपच्या आधी गाडी तपासा. चाळीस वर्षांत रबरी नळ्या तडकतात, वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) स्प्रिंग सैलावते, वायरिंगचं आवरण हात लावताच भुगा होतं, डीएमईच्या रिलेमधलं सोल्डर चिरतं. हे सगळं मूळ चिपवर दुरुस्त करून घ्यावं. मग हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून पूर्ण बूस्टला मिश्रण किती रिच, म्हणजे पेट्रोलने भरलेलं, राहतं ते मोजावं आणि त्यानंतरच नवी चिप मागवावी. अमेरिकेत राहणाऱ्यांनी प्रदूषणाचे नियमही पाहावेत. कॅलिफोर्निया याबाबत फार कडक आहे.

बदलण्याचं काम अर्ध्या तासाचं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, केबिनमधल्या गालिच्याखालचे डबे बाहेर घ्यायचे, अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरवायची. त्या काळातल्या मोट्रॉनिकमध्ये २४ आणि २८ पायांच्या, अशा दोन्ही चिप आढळतात. आपली कोणती ते मोजून घ्या. चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. ती सॉकेटवरच्या खाचेशी जुळली नाही आणि वीज सुरू केली, तर चिप जळते.

काढलेली चिप फेकू नका. तिला ईप्रॉम म्हणतात. १९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी हा प्रकार शोधला. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे चहूबाजूंनी काचेसारख्या थरात कोंडलेला थोडासा विद्युतभार. वरच्या क्वार्ट्झच्या खिडकीतून अतिनील किरण टाकले की तो भार निसटतो आणि चिप कोरी होते. खिडकीवरचा स्टिकर निघालेला असेल, तर थेट उन्हात साधारण आठवड्याभरात आणि ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षांत ती पुसली जाऊ शकते. अंधारातही भार अगदी हळूहळू गळत असतो, आणि या चिप आता चाळीशीच्या झाल्या आहेत. तेव्हा काढल्या काढल्या रीडरवर तिची प्रत करून घ्या, चिप पुन्हा एकदा वाचून ती प्रत पहिलीशी ताडून पाहा, आणि मग चिप नव्या स्टिकरसह अँटिस्टॅटिक फोममध्ये खोचून ठेवा.