सहा हॉर्सपॉवर कुठं गेली?

नवीन मॉडेल येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी साताऱ्यातल्या मोटरसायकलवाल्यांचे अंदाज सुरू होतात. इंजिन किती सीसीचं असेल, वजन उतरेल का, काच वरखाली होणारी देतील का, बाजूच्या पेट्या कंपनीकडूनच येतील का. ज्या गावात एकेकाळी महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून ‘प्रिया’ बाहेर पडायची, तिथं गाडीबद्दल मत नसलेला माणूस सापडणं अवघडच. त्यातही स्पोर्ट टूरर जातीच्या गाडीवर चर्चा जास्त रंगते, कारण या गाडीकडून आपण एकमेकींना छेद देणाऱ्या गोष्टी मागतो. पसरणी घाटात ती चपळ वळली पाहिजे, आणि मागं माणूस बसवून, सामान लादून दिवसभरात चारपाचशे किलोमीटर पाठ न दुखवता गेलीही पाहिजे.

मला वाटतं, या चर्चेत एकाच आकड्याला नको इतकं महत्त्व मिळतं. तो आकडा म्हणजे जास्तीत जास्त हॉर्सपॉवर. “दादा, पॉवर कमी केली म्हणजे मॉडेलच बिघडवलं की,” हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. म्हणून ताजं उदाहरण घेऊ. कावासाकीची निन्जा १०००एसएक्स ही या वर्गातली जुनी, नावाजलेली गाडी. २०२४ च्या अखेरीस तिच्या जागी निन्जा ११००एसएक्स आली. इंजिन १०४३ सीसीवरून १०९९ सीसीवर गेलं, पण ताकद मात्र १४२ वरून १३६ हॉर्सपॉवरवर उतरली. इंजिन वाढलं आणि ताकद घटली, हे पाहून बरेच जण नाराज झाले.

आत काय बदललं ते पाहू. सिलिंडरचा व्यास होता तेवढाच राहिला, ७७ मिलिमीटर. वाढला तो स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली होण्याची चाल. ती ५६ वरून ५९ मिलिमीटर झाली. फक्त तीन मिलिमीटर. पण इंजिन मिनिटाला १०,००० फेऱ्या मारतं तेव्हा, म्हणजे जुन्याची कमाल ताकद यायची तिथं, पिस्टनला प्रत्येक फेरीत ही चाल दोनदा कापायची असते. जुन्या इंजिनात त्या वेळी पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८.७ मीटर होता. नव्यातही तेवढ्याच फेऱ्या ठेवल्या असत्या तर तो १९.७ वर गेला असता, आणि कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, पिस्टन रिंग या सगळ्यांवरचा ताण वाढला असता. म्हणून नव्या इंजिनाची कमाल ताकद ९,००० फेऱ्यांवरच आणून ठेवली. तिथं पिस्टनचा वेग १७.७ मीटर आहे, जुन्यापेक्षा कमीच.

आता ताकद म्हणजे टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, गुणिले फेऱ्या. वरच्या टोकाला हजार फेऱ्या सोडून दिल्या की हॉर्सपॉवरचा आकडा खाली येणार. त्या बदल्यात टॉर्क १११ वरून ११३ न्यूटन-मीटर झाला, आणि तो ८,००० ऐवजी ७,६०० फेऱ्यांवरच मिळू लागला. शिवाय पाचवा आणि सहावा गिअर लांब केला, म्हणजे महामार्गावर त्याच वेगाला इंजिन निवांत फिरतं.

ही अदलाबदल आपल्या रस्त्यांसाठी फायद्याची की तोट्याची, हे आकडेमोड करून बघता येतं. गाडी सुमारे २३५ किलो, चालवणारा ७५, मागचा ६५ आणि सामान २५ किलो धरलं तर एकूण वजन ४०० किलो. पसरणी घाटाचा चढ दर शंभर मीटरला सहा मीटर धरू. ४० किलोमीटर वेगानं हा चढ चढायला, हवेचा आणि टायरचा विरोध धरूनही, पाच-साडेपाच हॉर्सपॉवर पुरते. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना ट्रकला मागं टाकायचंय, तीन सेकंदांत ६० वरून ८० वर जायचंय, असं धरलं तर ३० च्या आसपास लागेल. साडेचार हजार फेऱ्यांवर इंजिनानं ८० न्यूटन-मीटर टॉर्क दिला तरी ५१ हॉर्सपॉवर हातात असते. १३६ आणि १४२ मधला फरक ज्या टोकाला दिसतो, तिथपर्यंत या रस्त्यांवर काटा जातच नाही. हेअरपिनमधून बाहेर पडताना, थ्रॉटल बंद असताना तो किंचित उघडला की गाडी झटका न देता उचलते का, हे मात्र प्रत्येक वळणावर कळतं. तिथं मधल्या फेऱ्यांचा टॉर्क कामाला येतो.

आणखी एक गोष्ट. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून उंच आहे. तिथं हवेची घनता किनाऱ्यापेक्षा साधारण १२ टक्के कमी असते. टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंप, नसलेलं इंजिन हवा ओढूनच ताकद देतं, त्यामुळं रत्नागिरीच्या किनाऱ्यावर १३६ हॉर्सपॉवर देणारं इंजिन महाबळेश्वरला १२० च्या घरात येतं. ज्या सहासाठी आपण भांडतो, त्याच्या दुपटीहून जास्त तर नुसत्या उंचीनं जाते, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

उलट्या दिशेचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. बजाजची डॉमिनार ४०० डिसेंबर २०१६ मध्ये आली तेव्हा ३५ हॉर्सपॉवरची होती. २०१९ च्या बदलात झडपा उघडणाऱ्या एका कॅमशाफ्टच्या जागी दोन आल्या आणि ताकद ४० झाली. टॉर्क मात्र ३५ न्यूटन-मीटरच राहिला, आणि तो गाठायला फेऱ्या थोड्या जास्त लागू लागल्या. ३७३ सीसीच्या एकाच सिलिंडरला महामार्गावर ओव्हरटेक करताना वरची ताकद खरोखर कमी पडत होती, म्हणून तिथं हा निर्णय बरोबर होता. हजार सीसीच्या चार सिलिंडरांची अडचण वेगळी, म्हणून तिचं उत्तर वेगळं.

सीसी वाढण्यामागं उत्सर्जनाचे नियमही असतात. आपल्याकडं १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. सेवन आणि निकासाच्या झडपा थोडा वेळ एकदमच उघड्या ठेवल्या तर जास्त फेऱ्यांवर इंजिन चांगला श्वास घेतं. पण कमी फेऱ्यांवर न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरकडं निसटतं. नियम कडक झाले की ही वेळ आवळावी लागते, वरचा दम कमी होतो, आणि तो भरून काढायचा सरळ उपाय म्हणजे सीसी वाढवणं. तेव्हा पुढच्या कुठल्याही मॉडेलबद्दल अंदाज बांधताना “सीसी वाढलं म्हणजे पॉवर वाढणारच” हे गणित सोडून द्यावं.

माझ्या मते खरी मजा इंजिनात नाही, सांगाड्याच्या मापांत आहे. चाकांच्या आसांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस. यामाहा आर-१ सारख्या रेसच्या गाडीत ते १४०५ मिलिमीटर असतं, निन्जा १०००एसएक्समध्ये १४४०, आणि यामाहाच्या एफजेआर १३०० सारख्या भारदस्त टूररमध्ये १५४५. दुसरं माप ट्रेल. हँडल ज्या तिरप्या अक्षावर फिरतं तो अक्ष मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवा. तो जमिनीला टेकतो त्याच्या थोडं मागं पुढच्या टायरचा रस्त्याशी संपर्क असतो. हे अंतर म्हणजे ट्रेल, निन्जात सुमारे ९८ मिलिमीटर. ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं ओढू त्या दिशेला आपोआप वळतं, तसं हे अंतर पुढच्या चाकाला सरळ रेषेत आणत राहतं. ट्रेल वाढला की गाडी सरळ ठाम धावते, पण वळवायला जोर लागतो.

मात्र स्थैर्य एका मापावर ठरत नाही. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी १९७० मध्ये विचित्र सायकली स्वतः बनवून चालवून पाहिल्या. चाकाच्या फिरण्याचा जायरोस्कोपिक परिणाम, म्हणजे फिरत्या भोवऱ्यासारखं तोल धरणं, उलट्या फिरणाऱ्या जादा चाकानं रद्द केला, तरी सायकल चालवता येत होती. ट्रेल उलटा केल्यावर मात्र ती फार अवघड झाली. मग सगळ्यांनी ट्रेललाच श्रेय दिलं. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी जायरोस्कोपिक परिणामही नाही आणि ट्रेलही नाही, अशी सायकल बनवली, आणि ती स्वाराविना आपला तोल सांभाळत गेली. वजन कुठं आणि किती उंचीवर ठेवलंय, हेही तितकंच महत्त्वाचं ठरलं. दुचाकीसारखी रोजची वस्तू, आणि तिचा तोल इतक्या उशिरापर्यंत शास्त्रज्ञांना कोड्यात टाकतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याचा टूररशी थेट संबंध आहे. समजा मागचा माणूस मागच्या आसाच्या २५० मिलिमीटर पुढं बसलाय. व्हीलबेस १४४० असेल तर त्याच्या ६५ किलोंपैकी ११ किलोच पुढच्या चाकावर येतात, बाकी ५४ मागच्यावर. टॉप बॉक्स तर आसाच्याही मागं लटकतो. तो पुढच्या चाकावर काहीच घालत नाही, उलट तिथलं थोडं वजन काढून घेतो. मागची बाजू दबते, नाक वर जातं, हँडलचा अक्ष आणखी कलतो, ट्रेल वाढतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एकटा चालवताना चपळ वाटलेली गाडी दोघं बसल्यावर वळणात बाहेर पळू लागते. त्यावर उपाय मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवणं. बऱ्याच स्पोर्ट टूररना यासाठी हातानं फिरवायचा गोल नॉब असतो, पाना लागत नाही. किती जण तो फिरवतात?

जास्त वेगाला दुसरी अडचण येते. मागं जड सामान असेल तर अख्खी गाडी सेकंदाला दोन ते चार वेळा या संथ लयीत डावी-उजवीकडं लहरू लागते. हँडल सेकंदाला सहा ते दहा वेळा फडफडणं हा याहून वेगळा प्रकार. लहरण्याचं कारण म्हणजे केंद्रापासून दूर ठेवलेलं वजन: एकदा डोललं की ते थांबायला वेळ लागतो, आणि वेग वाढेल तसा हा डोल जिरवण्याची गाडीची क्षमता घटते. म्हणूनच अनेक कंपन्या पेट्या लावल्यावर कमाल वेगाची मर्यादा लिहून देतात. तसं झालंच तर हँडल आवळून धरू नये, थ्रॉटल हळूहळू सोडावा.

“वजन वीस किलो उतरवा, टाकी मोठी करा, पेट्या मोठ्या करा, आणि घाटात आर-१ सारखी वळवा.” ही मागणी एका दमात केली जाते. मोठी टाकी म्हणजे वर जास्त वजन, मोठ्या पेट्या म्हणजे मागं जास्त वजन. अभियंता यातलं एक दिलं की दुसरं कापणार, आणि तो बरोबरच करतो.

घाटातल्या वेगाबद्दल एक आकडा तरी सगळ्यांना पाठ असावा असं मला वाटतं. १५ मीटर त्रिज्येच्या वळणात ३० किलोमीटर वेगाला गाडी सुमारे २५ अंश कलवावी लागते. ४० ला ४० अंश. दहा किलोमीटर वेग वाढला आणि कल पंधरा अंशांनी वाढला, कारण इथं वेगाचा वर्ग लागतो. मागचा टायर जितका रुंद तितका त्याचा संपर्क कलताना आतल्या बाजूला सरकतो, आणि कल आणखी थोडा जास्त लागतो. म्हणून “नव्या मॉडेलला आणखी रुंद टायर हवा” या मागणीच्या मी विरोधात आहे.

राहिली हवा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, वेगाचा घन. मोटरसायकल हवा कापते तेव्हा तोच नियम उलट्या बाजूनं लागतो. ८० किलोमीटर वेगाला नुसती हवा कापायला साधारण साडेचार हॉर्सपॉवर लागते, १२० ला पंधरा. ॲव्हरेज कुठं जातं ते इथं कळतं. पठारावर ८० च्या वेगानं जाताना बाजूनं ४० किलोमीटरचा वारा आला, तर हवा समोरून न येता जवळजवळ २७ अंशांनी तिरकी येते. मोठं फेअरिंग, म्हणजे गाडीचं पुढचं आवरण, समोरून आडोसा देतं, पण बाजूनं तेच शिडाचं काम करतं.

काचेबद्दलच्या तक्रारीचं मूळही हवेतच आहे. काचेच्या वरच्या कडेपाशी हवा सुटते, भोवरे तयार होतात आणि ते हेल्मेटवर आपटतात. धावत्या गाडीवर मान दोन-तीन इंच खाली नेली की आवाज एकदम बसतो, उंच होऊन वरच्या स्वच्छ हवेत नेली तरी बसतो. मधल्या पट्ट्यात मात्र डोकं हलत राहतं. काच नुसती उंच केली तर तिच्यामागं कमी दाबाची पोकळी वाढते आणि भोवरे कधीकधी जोरात येतात. काचेखाली फट ठेवून थोडी हवा आत सोडली की हा दाब भरून निघतो. म्हणून बदल होणारच असेल तर काच वरखाली व्हावी आणि तिच्याखाली फट असावी.

रडारवर चालणारा क्रूझ कंट्रोल, रंगीत पडदा, फोनची जोडणी यांबद्दल मला फार बोलायचं नाही. कलत्या गाडीचा कोन ओळखून ब्रेक सांभाळणारं, चाक जाम होऊ न देणारं एबीएस तेवढं हवंच, कारण पावसाळ्यात कासच्या रस्त्यावर वळणात आडवी आलेली म्हैस कुणालाही सांगून येत नाही.

नव्या गाडीचा तक्ता हाती आला की पहिल्यांदा टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो ते बघा, मग व्हीलबेस आणि ट्रेल जुन्याशी ताडून बघा, आणि त्यानंतर भरल्या गाडीचं कमाल परवानगीचं वजन शोधा. त्यातून गाडीचं वजन वजा केलं की दोन माणसं आणि सामान यांच्यासाठी किती किलो उरतात ते कळतं. टेस्ट राइडला शोरूमचा माणूस पोवई नाक्याभोवती एक चक्कर मारून आणेल. त्याला मागं बसवून यवतेश्वरचा घाट चढू द्या म्हणावं, आणि निघण्याआधी प्रीलोडचा नॉब कुठं आहे ते विचारावं.