विश्व अनंत असलं म्हणजे सगळंच घडतं?

‘विश्व अनंत असेल, तर जे जे शक्य आहे ते कुठे ना कुठे घडणारच’ हे विधान वर्षानुवर्षं फिरतं आहे. ते चुकीचं आहे.

०.१०१००१०००१… ही संख्या घ्या. दर वेळी एक शून्य वाढतं, अंक कधी संपत नाहीत, आवर्तनही नाही. तरी त्यात २ हा अंक कधीच येणार नाही. अनंत असणं आणि सर्वसमावेशक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

मग अनंत काळ वाटेल त्या कळा दाबत राहून कधीतरी एखादा अख्खा ग्रंथ टंकलिखित करणाऱ्या माकडांचं काय? गणितज्ञ एमिल बोरेलने १९१३ मध्ये मांडलेला तो दाखला बरोबरच आहे, पण अटींसकट: प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र हवा आणि यशाची संभाव्यता घटत घटत शून्याकडे जाता कामा नये. नेमक्या याच अटी सांगताना गळतात. पहिल्या प्रयत्नात संभाव्यता १/४, मग १/८, मग १/१६ अशी निम्मी होत गेली, तर अनंत प्रयत्नांनंतरही घटना एकदाही न घडण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के उरते. तसंच, त्रिमितीय जाळीवर यादृच्छिक (दर पावलाला कुठल्याही दिशेने) भटकणारा बिंदू कधी ना कधी मूळ जागी परतण्याची शक्यता फक्त ३४ टक्के असते. द्विमितीय जाळीवर मात्र तो परततोच, हे गणितज्ञ जॉर्ज पोल्याने १९२१ मध्ये सिद्ध केलं.

मोजमापाचं प्रत्येक शक्य उत्तर विश्वाच्या वेगवेगळ्या शाखेत घडतं, या भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटच्या १९५७ च्या अनेकविश्व मांडणीचा आधारही इथे चालत नाही. इलेक्ट्रॉनचं फिरकीमान (स्पिन, मोजल्यावर ‘वर’ किंवा ‘खाली’ असं उत्तर देणारा गुणधर्म) एका अक्षावर ‘वर’ असं तयार करून त्याच अक्षावर मोजलं, तर ‘खाली’ उत्तराची शाखाच फुटत नाही. विद्युतभाराची अक्षय्यता, म्हणजे एकूण भार बदलत नाही हा नियम, मोडणारी शाखाही नाही.