विदर्भातील कापूस जिनिंग : पुरवठासाखळी आणि तग

कापसातून सरकी वेगळी करून रुई काढण्याच्या कामाला जिनिंग म्हणतात. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात शेतमालावरचा हाच प्रमुख उद्योग आहे. दिवाळीच्या आसपास जिन, म्हणजे हे काम करणारे कारखाने, सुरू होतात आणि एप्रिलच्या सुमारास थंडावतात. माल पाच-सहा महिने, बँकेचे व्याज मात्र बाराही महिने, ही या धंद्याची मूळ अडचण.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाचा भाव वधारला. १८७० च्या सुमारास खामगाव आणि अमरावती रेल्वेच्या मुख्य मार्गाला जोडली गेली. १९७२ पासून सुमारे तीन दशके राज्याच्या एकाधिकार खरेदी योजनेत खरेदीदार एकच उरला. भावाची हमी होती, पण चुकारे रखडले की किराणा दुकानापासून कृषी केंद्रापर्यंत सगळ्यांचीच उधारी अडकायची. चोरवाटांनी कापूस शेजारच्या राज्यांत जायचा तो त्यामुळेच.

एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. १७० किलोंच्या एका गाठीला त्यामुळे पाच क्विंटल कापूस लागतो. सूतगिरण्यांकडून उठाव नसला, तरी सरकीचा भाव बरा असेल तर जिनिंगवाला काटा चालू ठेवतो. सरकीचे तेल आणि ढेप (तेल काढल्यावर उरणारे पशुखाद्य) यांचे गिऱ्हाईक वेगळे असते. सूत मंदीत आहे म्हणून म्हशींची ढेप थांबत नाही. बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला की शेतकरी सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने खरेदी करणाऱ्या केंद्राच्या भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर रांग लावतो. मग तोच कारखानदार आपला जिन सीसीआयला देतो आणि मजुरीवर गाठी बांधतो. नफा बेताचा, पण मशीन बंद पडत नाही.

साखळीतले सगळ्यात मोठे गोदाम कागदोपत्री कुठेच नसते. ते शेतकऱ्याचे घर. २०२२ मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांवर गेले होते. पुढच्या हंगामात त्याच आशेने कापूस घरात राहिला. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली, माणसे ओसरीवर, लेकरांच्या अंगाला खाज, आणि ओलावा उडून वजनात रोजची घट. भाव काही परतला नाही. इकडे कापसाअभावी अनेक जिन अर्ध्या क्षमतेने चालले. तोटा दोघांचा झाला. मात्र घट सोसली शेतकऱ्याने, आणि साठवणीचे भाडे त्याला कोणी दिले नाही.

माल धरून ठेवण्याची ही ताकद आयात महाग असेपर्यंतच टिकते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे विदर्भात वेचणीचा भर असतो तोवर, वाढवली.