खाण्याचे नखरे की संवेदनांची अडचण?

भेंडी नको, वांगं नको, वरणात मोहरी दिसली की ताट सरकवलं. २ ते ६ वर्षांच्या मुलांमध्ये हे इतकं सर्रास दिसतं की त्यातलं एखादं मूल वेगळ्याच कारणाने, म्हणजे पदार्थाचा स्पर्श किंवा वास सोसत नाही म्हणून अडलंय हे लवकर लक्षात येत नाही. आणि एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याचं खाणं आणखी बिघडवतो.

नुसती आवडनिवड असलेलं मूल साधारण ३० तरी पदार्थ खातं. कंटाळून सोडलेला पदार्थ पंधरवड्याने परत घेतं. कडकडून भूक लागली किंवा मावशीकडे भावंडांच्या पंगतीत बसलं, की घरी नाकारलेली उसळही पोटात जाते. नवा पदार्थ १०-१५ वेळा ताटात आला की बहुधा ओळखीचा होतो. जेवणाच्या वेळा पाळल्या, मधलं दूध-बिस्किट बंद केलं आणि मोठ्यांनी तेच जेवण आवडीने खाल्लं, एवढं इथे पुरतं.

संवेदनांची अडचण असलेल्या मुलाची यादी बऱ्याचदा २० पदार्थांच्या आत असते आणि ती आकसत जाते. सुटलेला पदार्थ सहसा परत येत नाही. नाकारलेल्या पदार्थांत समान काय आहे ते बघा. पापड, खाकरा, टोस्ट आणि एकाच कंपनीचं बिस्किट चालतं. दहीभात, केळं, साबुदाण्याची खिचडी नाही. म्हणजे तक्रार चवीची नसून ओल्या, बुळबुळीत स्पर्शाची आहे. सगळ्यात अवघड जातो मिश्र पोत: मऊ पोह्यांत अचानक दाताखाली येणारा शेंगदाणा. काहींना नुसत्या वासानेच उमासे येतात. भूक इथे कामाला येत नाही, मूल उपाशी झोपतं. खुणा ताटाबाहेरही सापडतात: नखं कापताना आकांत, शर्टाचं लेबल टोचणं, हाताला कणीक लागली की धुवायची घाई.

अशा मुलाच्या तोंडात घास कोंबला की उमासा आणि तो पदार्थ यांची गाठ पक्की होते. मोबाईल लावून भरवलं तर घास जातो, पण पदार्थाशी ओळख होत नाही. आवडत्या पोळीत भाजी लपवणं सगळ्यात महाग पडतं. कळलं की पोळीही यादीतून जाते.

आधी बालरोगतज्ज्ञांकडून लोहाची कमतरता, बद्धकोष्ठता, आम्लपित्त, टॉन्सिल, दात तपासून घ्या. ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ (या अडचणीला दिलं जाणारं नाव) हे डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, स्वतंत्र निदान नाही (स्वमग्नतेच्या निकषांत मात्र संवेदनांचा उल्लेख आहे), तेव्हा नावामागे न लागता ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) मुलाला काय सोसतं आणि काय नाही, ते नेमकं समजून घ्यावं.

थेरपिस्ट मुलाच्या बसण्यापासून सुरुवात करतात. पाय लोंबकळत असले तर मुलाची बरीच ताकद तोल सांभाळण्यात जाते. पायाखाली पाट द्या, गुडघे काटकोनात येऊ द्या. जेवणाआधी १० मिनिटं जोर लागणारं काम द्या: पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलून ठेवणं, उशा ढकलणं. बऱ्याच मुलांना त्याने शांत बसता येतं. मग पदार्थाची पायरी: शेजारच्या वाटीत नुसता ठेवायचा, चमच्याने हलवायचा, बोटाने शिवायचा, हुंगायचा, ओठांना लावायचा, चाटायचा, चावून थुंकायचा आणि शेवटी गिळायचा. एका पायरीवर आठवडाही जाऊ शकतो. तुकडा वाटाण्याएवढाच, आणि ताटात एक तरी हक्काचा पदार्थ हवाच.

नवा पदार्थ जुन्याच्या हाताला धरून आणायचा, एका वेळी एकच गुण बदलून: खाकरा, मग कडक भाजलेली पोळी, मग जरा मऊ, मग तिला तूप. घाईने दोन गुण एकदम बदलले की साखळी तुटते. तेव्हा एक पायरी मागे या.

गिळताना ठसका लागत असेल, घास गालात साठत असेल तर चावण्या-गिळण्याचं काम बघणारे स्पीच थेरपिस्टही लागतात. वजन वाढायचं थांबलं किंवा मूल पाणीही टाळू लागलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.